ओस घरातला चहा

"आधी चूल शोध रे. बाकीचं घर काय पळून नाय जात."

कुठल्याही ओसाड घरात शिरलं की चाचांचं पहिलं वाक्य हेच. मी आणि बायको नक्षीदार दारांचे फोटो काढण्यात दंग, आणि हे गुडघे चोळत धुरानं काळी पडलेली भिंत शोधत फिरत. चूल सापडली की राख झाडायची, चार काटक्या पेटवायच्या आणि चहा टाकायचा. पडकी घरं तुम्हीही पाहिली असतील, पण तिथं संसार मांडून बसणारा माणूस पाहिला नसेल.

चाचा मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. सौदीत, ओलाया भागातल्या आमच्या ऑफिसात सगळ्यांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, वेळेवर करून आणणं हे त्यांचं काम. शुक्रवारी नमाज आटोपला की "यल्ला, चल" म्हणत ते आमच्या गाडीत बसत आणि आम्ही डोंगरकड्याखालची ओस गावं धुंडाळायला निघायचो.

"चाचा, इथे घोस्ट असतात?" माझ्या मुलीनं एकदा विचारलं.

"असले तर चहाला येतील की!"

मग ऑफिसातली तसली कामं फक्त सौदी माणसांना द्यायचा नियम आला, आणि सगळ्यांचे इकामे करणाऱ्या चाचांचाच इकामा पुढे होईना. सौदीतच, बुरैदा शहरातल्या एका ओळखीच्यानं खजुराच्या गोदामात इकाम्यासकट नोकरी देऊ केली होती. गावी दुमजली बंगला होता, पण त्याला कायम कुलूप. चाची वारलेल्या, मुलगे कुवेतला आणि दोहाला.

"जल्ला तो बंगला! बोलायचं कुणाशी, भिंतींशी? त्यापेक्षा बुरैदा बरं," ते म्हणत.

त्या ईदेला आम्ही पार दक्षिणेकडच्या बाहाच्या डोंगरात गेलो. काळ्या पातळ दगडांची घरं, गावात चिटपाखरू नाही. चाचांनी चूल पेटवली. चहाला उकळी येतेय तोच एक म्हातारा सौदी काठी टेकत, धापा टाकत वर आला. माझी पाचावर धारण बसली. म्हातारा चाचांशी अरबीत काहीतरी बोलला आणि डोळे पुसू लागला.

"काय म्हणतायत?" मी हळूच विचारलं.

"घर याचं आहे. हा पोरांकडं जेद्दाला असतो. ईदेला खालच्या रस्त्यावरनं नुसता बघून जातो. आज धूर दिसला. त्याला वाटलं, घरचं कुणी परत आलं."

चाचांनी गडबडीनं त्याच्यापुढे पेला धरला. त्यानं तो घेतला नाही. चाचांच्या हातातली किटली काढून घेतली, त्यांना दंडाला धरून भिंतीशी बसवलं आणि आम्हा सगळ्यांना स्वतः चहा ओतला. त्याच्या घरात यजमान तोच ना! चहा आमचा आणि पाहुणेही आम्हीच. निम्मा चहा जमिनीवर सांडला. इतक्या मानानं मला आजवर कुणी चहा पाजलेला नाही.

 परतीच्या वाटेवर ताइफ शहर मागे पडल्यावर चाचा म्हणाले, "बुरैदा खलास. मी घरी जातो रे."

"पण तिथे आहे कोण?"

"कोण नाय म्हणून तर जायचं. त्या घरातनंही धूर दिसू दे की कुणाला."

चाचा गावी गेले. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. पुढचे कितीतरी शुक्रवार मी घरात नुसती चिडचिड करत काढले. शेवटी न राहवून फोन लावला. मागे भांडी वाजत होती, कुणीतरी नारळ पाडण्यावरून ओरडत होतं.

"चाचा, आमची आठवण येते का?"

"येते रे, खूप येते. पण ठेव आता. दारात माणसं आलीत, चहा टाकायचाय."

आणि त्यांनी खरंच फोन ठेवला.