डार्लिंग नावाचं हाड

भूत, करणी, बाहेरची बाधा... यातलं मला काहीच पटत नाही. हे लिहून झाल्यावरही पटणार नाही. मी फिजिओथेरपीची विद्यार्थिनी आहे आणि जे झालं ते भर दुपारी, बाराजणींच्या समोर झालं. त्या बाराजणी आता त्यावर बोलत नाहीत, म्हणून मी लिहितेय. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठी लिहायची फारशी सवय नाही. सांभाळून घ्या.

बेळगावला आमच्या हॉस्टेलमध्ये हाडांचा एक जुना सेट आहे. खऱ्या हाडांचा. पत्र्याच्या पेटीत. दरवर्षी सीनियर तो फर्स्ट इयरच्या एका मुलीला देतात. यंदा माझा नंबर होता.

त्यातलं उजव्या पायाचं टिबिया, म्हणजे नडगीचं हाड, त्याच्यावर काळ्या परमनंट मार्करनं लिहिलं होतं — डार्लिंग. शेजारी ओठांचं चित्र. सेट मिळाला की मेसमध्ये सगळ्यांसमोर त्या हाडाचा पापा घ्यायचा, ही परंपरा.

"घे गं, लाजतीस काय! डार्लिंग न्हाय चावत," आमची सीनियर प्राची म्हणाली. सगळ्या हसल्या.

मी पापा घेतला. आणि मीसुद्धा हसले. ते हसणं आठवलं की अजून कानशिलं तापतात.

दोन आठवड्यांनी क्लासमध्ये आमच्या मॅडमनी टिबियाचं खालचं टोक दाखवलं. काही हाडांच्या पुढच्या कडेला एक छोटी गुळगुळीत जागा असते — स्क्वॉटिंग फॅसेट. आयुष्यभर उकिडवं बसणाऱ्यांच्या घोट्यात हाडावर हाड टेकून ती तयार होते. मॅडम पुढच्या मुद्द्यावर गेल्यासुद्धा. मी रूमवर येऊन पेटी उघडली. डार्लिंगच्या खालच्या कडेला नखाएवढी गुळगुळीत जागा होती.

म्हणजे ही बाई... बाई की पुरुष हेही मला खात्रीनं सांगता येत नाही, पण हाड बारीक आहे म्हणून बाई म्हणते... ही कुठेतरी उकिडवी बसून राबत होती. वर्षानुवर्षं. आणि आम्ही तिचे पापे घेत होतो.

त्या दिवशी मी ते नाव पुसायला बसले. नेलपॉलिश रिमूव्हर, स्पिरिट, डेटॉल, शेवटी भांड्यांची घासणी. अक्षर हललं नाही.

शनिवारी निपाणीला घरी गेले. सोमवारी टेस्ट होती, म्हणून टिबिया आणि फीमर, म्हणजे मांडीचं हाड, कापडी पिशवीत घालून नेली. आईनं पिशवीत बघितलं आणि दारातच अडवलं.

"मयताचं हाड घरात? डोकं फिरलंय काय तुझं?"

मग मी अंगणात बसले. तिथं आत्ती, माझ्या वडिलांची मोठी बहीण, ऊन खात बसली होती. उकिडवी. तिनं तीस-एक वर्षं तंबाखूच्या वखारीत पाला निवडलाय. आता गुडघे गेलेत, तरी खुर्ची दिली तर म्हणते, "तिच्यावर टांगून बसाय जमत न्हाय मला."

"बघू," म्हणाली. हाड मांडीवर घेतलं. मी तिला ती गुळगुळीत जागा दाखवली, कशानं होते तेही सांगितलं. ती बराच वेळ आपल्याच घोट्यावर बोट फिरवत राहिली.

"म्हंजे माझ्यात बी आसल ही?"

"असेल, आत्ती."

"आन् हे काय लिवलंय?"

मी सांगितलं. पापा घेतल्याचंही सांगितलं.  आत्तीनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"लई शिकलासा गं," एवढंच म्हणाली, आणि अंगठ्यानं ते नाव पुसलं. कोरड्या अंगठ्यानं. पाटीवरचं पुसावं तसं गेलं. ओठसुद्धा.

मी म्हटलं, स्पिरिटनं शाई आधीच सैल झाली असेल. हे मी अजूनही म्हणू शकते. पुढचं मात्र...

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत प्राची मेसमध्ये माझ्या पिशवीतून काढलेलं हाड हातात घेऊन उभी. "कुणाला विचारून पुसलंस? परंपरा आहे ती! सहा बॅचेसनी जपलीय." तिनं नवा मार्कर उघडला आणि पुन्हा लिहिलं. डार्लिंग. मार्करला टोपण लावेपर्यंत अक्षरं नव्हती.

पसरली नाहीत, पुसट झाली नाहीत. नव्हतीच.

"मार्कर बोगस आहे," कुणीतरी म्हणालं. प्राचीनं तळहातावर ओढून बघितला. काळीकुट्ट रेघ. फीमरवर लिहिलं, राहिलं. पुन्हा टिबियावर लिहिलं, गेलं. मग माझं लाल स्केचपेन घेऊन तिनं मागच्या बाजूला, अभ्यासात मारतो तशी, पोटरीतल्या सोलियस स्नायूच्या ओरिजिनची, म्हणजे तो जिथून सुरू होतो तिथली, रेघ मारली. ती राहिली. निळ्यानं पुढच्या उंचवट्यावर इन्सर्शन, म्हणजे मांडीचा स्नायू जिथं येऊन जोडला जातो ते, काढलं. तेही राहिलं. त्याच लाल पेननं नाव लिहिलं... गेलं.

कुणी हसत नव्हतं. प्राचीनं हाड टेबलावर ठेवलं, भांडं ठेवावं तसं, आवाज करून. मी वर्गात हजेरीलासुद्धा हळू आवाजात "येस मॅम" म्हणणारी. पण त्या दिवशी माझा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला.

"आता घे की पापा! सगळ्यांसमोर घे!"

ती निघून गेली. जाताना म्हणाली, "येडी हैस तू." असेन.

मॅडमना मी ते हाड नेऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, हाड सच्छिद्र असतं, शाई आत शोषली गेली असेल. मी विचारलं, मग लाल रेघ का शोषली जात नाही? "स्टेशनरी बदल," म्हणाल्या.

तुमच्यापैकी कुणाला केमिस्ट्री येत असेल तर सांगा. मला खरंच हवंय. फक्त खाली "मस्त स्टोरी, अंगावर काटा" असं लिहू नका. काटा नको आहे मला. तिचा पाय आमच्या पेटीत कसा आला, तिला कुणी विचारलं होतं का, हे ऑफिसमध्ये विचारलं तर "जुना सेट आहे" एवढंच उत्तर मिळतं. राग त्याचा आहे.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. त्याच आठवड्यात, रूममध्ये एकटी असताना, मीही पेन घेतलं. वाटलं, नाव असावंच तर चांगलं असावं. शक्य तेवढ्या सुंदर अक्षरात लिहिलं — आक्का.

तेही राहिलं नाही.

मी पेन बंद केलं. लाल आणि निळी रेघ मात्र अजून आहे. तेवढं ती शिकवते.