विल्मा नको म्हणाली होती

आदिनाथ हल्ली नगरला सावेडीत एका लहानशा जनसंपर्क कंपनीत काम करतो. दुपारी ऑफिसात चहा आला की त्याला हटकून ग्रोनिंगन आठवतं. नेदरलँड्सच्या उत्तरेचं ते सायकलींचं शहर, कालव्यात बांधून ठेवलेल्या होड्या, आणि कॉफीबरोबर टेबलाटेबलावरून फिरणारा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. पहिल्या दिवशी तो डबा त्याच्यापुढे आला, तेव्हा तो रीतीप्रमाणे "नको, नको" म्हणाला. झाकण लागलं आणि डबा पुढे गेला. पुन्हा कुणी विचारलंच नाही. असा पाहुणचार त्याच्या गावी, सुप्यात, कुणी केला असता, तर वर्षभर त्याच्या नावाने गाव हसलं असतं.

तिथल्या एका जनसंपर्क कंपनीतली सहा महिन्यांची ती इंटर्नशिप. ते दिवस आठवले की त्याला बरंच वाटतं. फक्त एक आठवडा सोडून. त्या आठवड्यात एक बाई त्याच्यामुळे काम सोडून घरी बसली होती, आणि ती परत येईल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आदिनाथ मूळचा सुप्याचा. वडील हनुमंत तिथल्याच एमआयडीसीत कामाला. कॉलेजात असताना तो फक्रुद्दीनभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचा. पुणे-नगर रस्त्याला लागून दुकान, दिवसभर धूळ आणि शाईचा वास. वाढदिवस, निवड, नियुक्ती, दहावीचे पास, सगळ्यांचे बोर्ड तिथेच व्हायचे. मधला मोठा फोटो कुणाचाही असो, बोर्डाचा जीव खालच्या शुभेच्छुकांत असायचा. तिथे गावातला एक माणूस जरी सुटला, तरी भांडण ठरलेलं.

आदिनाथ नवा होता तेव्हाची गोष्ट. नर्सरीवाला अजिनाथ दुकानात आला आणि हसत म्हणाला, "आरं, माझं नाव कशाला? पोरांची टाका." आदिनाथने खरंच त्याचं नाव काढून टाकलं. संध्याकाळी बोर्ड लागला. बोर्डाखाली पहिला हजर कोण, तर अजिनाथ. नावांवरून बोट फिरवत तो शेवटपर्यंत गेला आणि तिथून तडक दुकानात.

"व्हय रं, आमी काय मेलोय का?"

"तुम्हीच म्हणालात ना, नको म्हणून?"

"म्हनायचं आसतंय तसं! तुला कळाया नगं?"

फक्रुद्दीनभाईंनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि त्याच्या नावाची एक पट्टी छापून बोर्डावर चिकटवून आले. परत येऊन म्हणाले, "बेटा, जो हसून नको म्हणतो त्याचं नाव दोन बोटं मोठं टाकायचं." हे आदिनाथने इतकं मनावर घेतलं की पुढे ते त्याच्या हाताच्या सवयीचंच झालं.

ग्रोनिंगनला त्याची वरिष्ठ होती मारियेका. तो तिला "मॅडम" म्हणायचा आणि ती मागे वळून बघायची, जणू दुसरंच कुणी आलंय. जवळच्या खेड्यातल्या एका चीजच्या कारखान्याला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. समारंभाला पत्रकार यायचे होते. हॉलच्या भिंतीवरचं मोठं बॅनर आदिनाथकडे आलं, तेव्हा त्याला सुप्याचं दुकान परत मिळाल्यासारखं झालं.

"एक फोटो आणि पन्नासचा आकडा, एवढं पुरे," मारियेका म्हणाली.

"कामगारांचे फोटो घेतले तर? सगळ्यांचे, नावासकट?"

तिला कल्पना आवडली. "चालेल. पण प्रत्येकाला विचार."

त्याने प्रत्येकाला विचारलं. बहुतेकांनी हो म्हटलं. एकाने आपली कुत्रीही फोटोत घ्यायला लावली. चीजचे साचे धुण्याच्या खोलीत विल्मा होती. पन्नाशीची, बाह्या दुमडलेली. तिने त्याला स्वतःच्या थर्मासमधली कॉफी दिली, गावाकडची चौकशी केली आणि फोटोचा विषय काढताच हसून म्हणाली, "नको. माझा नको."

हसली, म्हणजे अजिनाथच! कारखान्याने दिलेल्या नाताळच्या फोटोंतून आदिनाथने तिचा चेहरा अलगद कापून घेतला आणि पहिल्या ओळीत, मधोमध लावला. खाली पूर्ण नाव.

समारंभाच्या सकाळी कामगार बॅनरपुढे गोळा झाले. कुणी स्वतःकडे बोट दाखवून हसत होतं, कुणी मोबाईलवर फोटो काढत होतं. विल्मा आली तेव्हा आदिनाथ तिच्याच चेहऱ्याकडे बघत होता, आनंद बघायला म्हणून. तिने बॅनर पाहिलं. हातातला ॲप्रन नीट घडी करून टेबलावर ठेवला, बाहेर गेली आणि सायकलवर बसून निघून गेली.

मारियेकाने त्याला बाजूला घेतलं. "तिला विचारलं होतंस?"

"हो."

"काय म्हणाली?"

"नको म्हणाली."

"मग?"

तो अजिनाथची गोष्ट इंग्रजीत सांगू लागला, तर ती त्यालाच ऐकवेना.

पत्रकार यायच्या आत बॅनर उतरलं. ज्यांनी फोटो पुढे टाकले होते त्यांना मारियेकाने ते काढायला लावले. दुपारी कारखान्यातून निरोप आला. विल्माने कळवलं होतं, की एक माणूस आहे, त्याला ती कुठे राहते, कुठे काम करते हे कळता कामा नये; आता ते गुपित राहिलंय की नाही हे तिला माहीत नाही, म्हणून ती येणार नाही.

"मला तिचा पत्ता द्या," आदिनाथ म्हणाला. "मी घरी जाऊन माफी मागतो."

मारियेका त्याच्याकडे बघतच राहिली. "तिचा पत्ता? तुला?"

त्याने मान खाली घातली.

संध्याकाळी त्याने आईला, सविताला, फोन लावून सगळं सांगितलं. मागून वडिलांचा आवाज आला, "फ्लेक्सवर फोटू आला म्हनून कोन रुसतं व्हय? नवलच हाय!" आई मात्र म्हणाली, "बनूआत्या आठवती का तुला?"

आठवत होती. तो लहान असताना बनूआत्या भर दुपारी एक पिशवी घेऊन सासरहून आली आणि अख्खा उन्हाळा राहिली. मागच्या अंगणात बसून शेंगा फोडायची, त्याला कोडी घालायची, उत्तर चुकलं की शेंगदाणा त्याच्या तोंडापर्यंत आणून स्वतःच खायची. रस्त्याला मोटारसायकल वाजली की उठून आत जायची. कुणी विचारलं तर आपल्याकडे कोणी आलेलं नाही म्हणायचं, हे पोरांना सांगून ठेवलं होतं. आदिनाथला तो लपाछपीचा खेळ वाटायचा. इतका छान उन्हाळा त्याला पुन्हा आठवत नव्हता.

"आत्याचा फोटू कोनी मागितला आसता, तर आपन दिला आसता का?" आईने विचारलं.

"नाही."

"मंग."

"आता काय करू, आई?"

"काय करतो? गप ऱ्हा. तिच्या दाराला जाऊ नको. तिला यायचं तवा ईल, न्हाई आली तर न्हाई."

न येण्याचं आईने इतकं सरळ सांगितलं की त्याला रडू आलं.

त्याने बॅनर स्वतःच्या हाताने कात्रीने बारीक कापून टाकलं आणि तेवढं विल्माला कळवा, असं मारियेकाला सांगितलं. ऑफिसात कुणी त्याला रागावलं नाही. याचाच त्याला जास्त त्रास झाला. सुप्यात दोन शिव्या बसल्या असत्या, चहा झाला असता, विषय मिटला असता. इथे सगळे गुड मॉर्निंग म्हणत होते आणि विल्माची सायकल स्टँडला नव्हती, हे कारखान्यातून रोज कळत होतं.

पुढच्या आठवड्यात तो आणि मारियेका समारंभाचे दिवे परत घ्यायला कारखान्यात गेले. मारियेका आत गेली. आदिनाथ गाडीपाशी उभा होता, तेवढ्यात फाटकातून सायकल आली. विल्मा.

तिने सायकल लावली, कुलूप घातलं आणि त्याच्याकडे पाहिलं. पाठ केलेली सगळी वाक्यं त्याच्या डोक्यातून गेली.

"तुम्ही नको म्हणाला होतात," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही."

"ऐकलं होतंस. मानलं नाहीस."

त्याने मान हलवली.

"खरंच कापलंस सगळं?" तिने विचारलं.

"हो."

"सगळ्यांचे चेहरे?"

"हो."

"पॅकिंगवाल्या ग्रेटाला नको सांगूस. तिला स्वतःचा तो फोटो फार आवडला होता." ती हसली नाही, पण बोलता बोलता डोक्यावर पांढरी टोपी चढवून केस आत खोचू लागली. मग दार ढकलून आत गेली.

थोड्या वेळाने धुण्याच्या खोलीत पाणी सुटलं आणि साचे एकमेकांवर आपटू लागले. दिवे उचलून मारियेका बाहेर आली आणि म्हणाली, "निघायचं?" आदिनाथ म्हणाला, "एक मिनिट," आणि तो आवाज ऐकत उभा राहिला.