ताईला फक्त पाठीचं दुखणं थांबवायचं होतं

आज वर्ष झालं. राग अजून गेलेला नाही.

सगळ्यात जास्त स्वतःवरच आहे.

सुनंदाताई माझी मोठी बहीण. पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर होती. द्राक्षाची पेटी नुसती उचलून सांगायची, "ही वजनात कमी हाय, परत भर." बायका टरकून असायच्या तिला.

मग पोटात दुखायला लागलं. पोटातून थेट पाठीत.

चार महिने ॲसिडिटीच्या गोळ्या. कमरेला पट्टा. कुणालाही साधी सोनोग्राफी सुचली नाही. आम्हालाही नाही.

शेवटी सीटी स्कॅन. स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत पोचलेला.

मी नाशिकच्या डॉक्टरांना केबिनबाहेर गाठलं. "मॅडम, ताईला काही सांगू नका."

त्या म्हणाल्या, "केमो देऊन बघू. आणि दुखण्यासाठी रेडिएशनचे पाच सिटिंग देता येतील. त्याने आजार जाणार नाही, पण आराम पडू शकतो."

मला एवढंच ऐकू आलं: आजार जाणार नाही.

केमोचे दोन डोस झाले, अंगाला झेपले नाहीत. तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला. मुंबईत म्हणे नवीन मशीन आहे, गाठ नेमकी जाळतं.

गेलो मुंबईला. तिथले डॉक्टर सरळ बोलले, "गाठ एकाच जागी असती तर विचार केला असता. आता पसरलंय. यांना त्याचा उपयोग नाही."

मला पटलं नाही. रिपोर्ट घेऊन पुण्याला. तिथेही तेच उत्तर.

गाडीत ताई पोटाशी उशी धरून वाकून बसलेली.

"बापू, आता कुठं?"

"अजून एक ठिकाण आहे ताई. तिथलं मशीन वेगळंय."

"माझी पाठ दुखती रे. तिच्यासाठी हाय का कुठं मशीन?"

मी काय म्हणालो माहितीये?

"थोडी कळ काढ."

पाठीच्या दुखण्यासाठीचं मशीन नाशिकमध्येच होतं. घरापासून अर्ध्या तासावर. पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

दोन महिने असे गेले. दोन महिने!

परत नाशिकच्या मॅडमकडे आलो, तेव्हा ताईनेच विचारलं, "किती दिवस हायेत माझ्याकडं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"त्याच्याकडं काय बघता? पेशंट मी हाय."

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली आणि सगळं सांगितलं. ताई रडली नाही. पाच सिटिंगच्या फॉर्मवर तिने स्वतः सही केली. मला पेनही धरू दिलं नाही.

घरी आलो. जिन्यात थांबली, दम घेतला.

"दोन महिने आडवी झाले नाही मी. बसून झोपले. मला विचारायचं तरी."

पाच दिवस, रोज थोडा वेळ त्या टेबलावर. आठवडाभर काहीच फरक नाही. मी पुन्हा चिडचिड करायला लागलो होतो.

दहाव्या-बाराव्या दिवशी दुपारी भाचीचा, पल्लवीचा फोन आला. कुजबुजत बोलत होती.

"मामा, आई झोपलीय. पाठीवर. सरळ."

त्यानंतर पाच आठवडे मिळाले. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण गोळ्यांवर भागायचं. एकदा पॅकहाऊसला जाऊन आली. खुर्चीत बसून तासभर सगळ्यांना झापलं. पल्लवीला जवळ बसवून पुढचं सगळं बोलली. मग गेली.

ते दोन महिने वाया घालवले नसते तर पाचाचे तेरा आठवडे झाले असते. निदान कमी दुखण्याचे.

तुमच्या घरात असा पेशंट असेल तर डॉक्टरांना एक प्रश्न विचारा. हे रेडिएशन आजार घालवायला आहे की दुखणं कमी करायला? आणि तो पेशंटसमोर विचारा. दुखण्यासाठीची ट्रीटमेंट म्हणजे हार मानली, असं मला वाटायचं. त्या वाटण्याची किंमत तिने मोजली.

'तू खूप धावपळ केलीस' असं कमेंटमध्ये लिहू नका प्लीज.

ताई, माझं चुकलं.

तुला मनापासून नमस्कार.