मृत्युवार्तांच्या खिडकीतली युफेमिया

कॅस्ट्रीजच्या सरकारी टीव्ही केंद्रात मृत्युवार्तांची खिडकी युफेमियाकडे होती. सव्वीस वर्षं. संध्याकाळच्या बातम्यांआधी या वार्ता ऐकल्याशिवाय सेंट लुशिया बेटावर कोणी जेवायला बसत नाही. कोण गेलं, गाव त्याला काय म्हणायचं, मागे कोण राहिलं नि ते कुठे कामाला आहेत, सगळं वाचलं जातं.

पहिल्याच वर्षी तिनं एका फोनवर विश्वास ठेवला आणि डेनरी गावच्या धडधाकट कोळ्याला मारून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो खिडकीत हजर. "माझी फुलं कुठायत?" तेव्हापासून तिचा कोणावरही भरवसा उरला नाही, रडणाऱ्यावर तर मुळीच नाही. डॉक्टरचा कागद हवाच. शिवाय मागे राहिलेल्यांच्या यादीतल्या प्रत्येकाला ती फोन करून विचारायची, नाव घालू ना? होकार आला की नावापुढे खूण.

त्या मंगळवारी ऑस्बर्ट आला. शुआझेल गावच्या थिओफिलसचा मुलगा. थिओफिलस तिचाही बाप, पण तिच्या आईशी त्यानं लग्न केलं नव्हतं. त्या घराचा उंबरा तिनं कधी ओलांडला नव्हता.

"पप्पा गेले, मिस युफेमिया."

"कागद?"

तिनं तो उजेडात धरून शिक्का तपासला. मग यादी वाचली. सहा मुलं, आणि तळाशी, 'युफेमिया, टीव्हीवाली.'

"हे कोणी घुसडलं?"

"पप्पांनीच सांगितलं. शुद्धीत होते."

"जमिनीच्या कागदावर माझी सही हवीय वाटतं?"

"सही नको नि काही नको. रोज टीव्हीपुढे बसायचे. तुम्ही पडद्यावर येत नाही, हे त्यांना पटायचंच नाही."

युफेमियाला हेही खरं वाटेना. तिनं बाकीच्या पाचही भावंडांना फोन लावले. आपलं नाव सांगितलं नाही, नुसतं दरडावून विचारलं, "ही सातवी कोण?" कोणीतरी अडखळेल याची ती वाट बघत होती. पाचही जण एकच बोलले. "आमची थोरली बहीण."

पाच वाजत आले. सातव्या नावापुढे अजून खूण नव्हती.

"थोरली म्हणता, मग नाव शेवटी कसं?" शेवटचा संशय तिनं बाहेर काढला.

ऑस्बर्ट खाली बघत म्हणाला, "पप्पाच म्हणाले, तळाशी लिही. ती नको म्हणाली, तर खोडायला सोपं जाईल."

युफेमियाला रडू आवरेना. तिनं कोरा कागद ओढला आणि यादी पुन्हा लिहायला घेतली, थोरल्या मुलीपासून.