करगोट्याची गाठ

माझा स्वभाव आधीपासूनच संशयी. नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या घरी दूधवाला आला की मी आधी दुधात बोट बुडवून बघायची, मगच पातेलं पुढे करायची. आई म्हणायची, तुझ्या सासरच्यांचं काही खरं नाही. त्यामुळे सत्तरच्या दशकात होम सायन्स शिकून नोकरी लागली, तीही नेमकी तपासणीची, तेव्हा वाटलं, वा, हे तर आपलंच काम.

मौद्याच्या पुढे, धानाच्या बांध्यांमधल्या एका गावात एक योजना चालू होती. लहान शेतकऱ्याच्या घरी धानाचं सुधारित बियाणं द्यायचं आणि घरातल्या लहान पोरासाठी दर आठवड्याला सुकडी, म्हणजे पिवळ्या भरड्याचा गोड खाऊ. त्याचा उपयोग होतो की नाही ते मी बघायचं. महिन्यातून एकदा एसटीनं जायचं, शाळेच्या ओसरीत तिथेच ठेवलेला गोल तबकडीचा वजनकाटा टांगायचा, झोळीत पोर बसवायचं, वजन लिहायचं. तीन महिने वजन वाढलं नाही तर खाऊ पोराच्या पोटात जात नाही असं समजायचं. मग नाव कमी, बियाणंही बंद. हा नियम मला फार आवडला होता.

गावातली रांगती पोरं दर महिन्याला वाढत होती. चालायला लागलेली तीन-चार मात्र सात किलोवर येऊन थांबली होती. पोर चालायला लागलं की आईचं लक्ष सुटतं आणि सुकडीला पाय फुटतात, असा मी तर्क केला. कुठेतरी पाणी मुरतंय, याबद्दल मला शंकाच नव्हती.

त्या पोरांच्या आयांपैकी एकीवर माझा विशेष डोळा होता. माझ्याच वयाची, कमी बोलणारी. काही विचारलं की आधी माझ्याकडे नीट बघायची, मग उत्तर द्यायची. ही उत्तर जुळवते आहे, असं मला वाटायचं. पोराला काल काय दिलं? सुकडी. किती? वाटीभर. दर महिन्याला वाटीभरच. इतकं पाठ केल्यासारखं खरं कोण बोलतं? एकदा न सांगता तिच्या घरी धडकले. ती बांधीवर गेली होती. गोठ्यात म्हैस होती आणि म्हशीच्या टोपल्यात पिवळाधमक भरडा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोणाला काही न विचारता मी तशीच परत फिरले.

पुढच्या खेपेला उन्हाळी धानाच्या बियाण्याच्या थैल्या आल्या होत्या, म्हणून ओसरीत सारं गाव जमलेलं. तिचं पोर झोळीत बसवलं. काटा सातावर. तिसरा महिना. मी वहीत तिचं नाव कमी केलं, आणि तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी सगळ्यांसमोर म्हणाले, "पोराच्या तोंडचं काढून म्हशीला घालता, लाज नाही वाटत?"

तिची सासू मान वळवून तिच्याकडे बघायला लागली. ती आवाज न चढवता म्हणाली की टोपल्यात चुनी होती, चण्याची चुनी, गावातली सारी ढोरं तेच खातात. मग तिनं पोराचा सदरा वर करून कमरेचा काळा करगोटा दाखवला. पोळ्याला बांधलेला, तेव्हापासून तीनदा गाठ सोडून सैल केलेला. जुन्या गाठींच्या जागी दोरा तीन ठिकाणी दबलेला दिसत होता. मी तो पाहिला, अगदी स्वच्छ पाहिला. आणि मनात म्हटलं, दोऱ्याचं काय, कोणीही काल संध्याकाळी तीन गाठी मारून सोडून ठेवेल. इतकी मी हुशार.

तिनं पोर सासूच्या कडेवर दिलं. तिला आता मिळणार नव्हतं त्या बियाण्याची एक थैली उचलली आणि यावर किती लिवलं हाय, म्हणून विचारलं. शिलाई शाबूत होती. दहा किलो, मी सांगितलं. तिनं झोळी काढून थैली काट्याला अडकवली. काटा सर्रकन फिरला आणि सातावर थांबला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी तबकडीला टिचकी मारली. काटा थरथरला आणि तिथेच राहिला. दुधात बोट बुडवणारी मी, पण त्या काट्यावर मी एकदाही संशय घेतला नव्हता. तो नागपूरहून आला होता, माझ्यासारखा.

मी घाईघाईनं वही उघडली. शेरा खोडला, नाव पुन्हा लिहिलं, बाजूला सही केली. थैली तिच्यापुढे करून म्हटलं, झालं, काट्याची चूक होती, सगळं खोडलं. तिनं हात पुढे केला नाही.

"काटा बिघडला तं काट्याले बोलल्या अस्त्या, बाई. मले काहून बोलल्या?" ती म्हणाली. "वहीतलं खोडलं तुमी. हे सारे आयकून राहिले होते. याइच्या कानातलं कसं खोडान?"

एसटीची वेळ झाली, असं पुटपुटत मी उठले. एसटीला चांगला तासभर अवकाश होता. तो तास मी फाट्यावर एकटीनं बसून काढला, पण परत जाऊन तिची माफी मागायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या महिन्यात नवा काटा घेऊन गेले. ती पोराला घेऊन आली, पण झोळीत बसवलं नाही. दुकानातून मागून आणलेली पाच-पाच किलोची दोन लोखंडी वजनं तिनं आधी माझ्यापुढे ठेवली. मी ती मुकाट्यानं टांगली. दहा भरले. मग पोर बसवलं आणि आकडा वहीत लिहायला लागले, तर तिनं माझा हात धरला. लिवू नका, आधी वाचा, म्हणाली, साऱ्याइले आयकू गेलं पायजे.

"साडेआठ किलो," मी म्हणाले.

"अजून एकडाव वाचा, बाई. बुढीले कमी आयकू येते."

मागच्या महिन्यात बुढीला, म्हणजे तिच्या सासूला, सगळं नीट ऐकू आलं होतं. मी उभी राहिले आणि पुन्हा वाचलं, आणखी मोठ्यानं.