आशाताईंचा हेवा

घरोघर तब्येतीची चौकशी करत फिरणाऱ्या आमच्या गल्लीतल्या आशाताईंचं खरं नाव मला ठाऊक नाही, पण हेवा मात्र भरपूर वाटतो. त्या आईशेजारी जमिनीवर बसतात, "मग, मावशी?" एवढंच विचारतात आणि गप्प राहतात. बीपीच्या गोळ्यांवर भाषणं मी देतो, गोळ्या आई त्यांच्या हातून घेते.

परवा त्या म्हणाल्या, "दादा, मावशींच्या छातीत गाठ हाय. दोन महिने लपवली. तुमाला सांगायला मलाच लावलंय. उद्या तपासून आणू, मी येते संगं."

मी आईवर उखडलो, "पोटच्या पोराला सांगता येत नव्हतं?"

"सांगनार हुते. तू बोलायचा थांबलाच न्हाईस."

दुसऱ्या दिवशी तपासणीला आत जाताना आईनं हात त्यांचा धरला. माझ्याकडे पिशवी दिली.