सुधाताईचा प्रसाद

सुधाताई गेली, असा भाऊजींचा फोन आला तेव्हा माझा कुकर गॅसवर होता. गॅस बंद केला, उज्जैनच्या देवास गेटहून टेम्पो पकडला आणि गेले. झोपेतच गेली होती, शांत दिसत होती. त्याला महिना झाला. लोक भेटायला येतात, म्हणतात, ‘किती भाविक होत्या!’ मी चहा देते. पण माझी बहीण भाविक नव्हती. ती आजारी होती... आणि बरी झाली होती. ते श्रेय तिला मिळायला हवं.

मिल बंद पडली आणि भाऊजी पिऊ लागले. साऱ्या गल्लीला ठाऊक. ‘बिचाऱ्याची नोकरी गेली,’ म्हणून सगळे हळहळले, त्यांना इंदूरला डॉक्टरकडे नेलं, त्यांची सुटली. त्याच काळात ताईची झोप उडाली, बोलणं आटलं. त्यावर आमच्या आईचं निदान एकच : ‘बायकांचं असंच असतं गं. कामात मन लाव.’ मग ताई दर रविवारी भैरवगढला काळभैरवाला जाऊ लागली. तिथे देवाला नैवेद्यच दारूचा. पुजारी थोडी बशीत ओततो, उरलेली बाटली प्रसाद म्हणून परत देतो. ती बाटली घेऊन भरदिवसा घरी येणाऱ्या बाईला उज्जैनमध्ये कोणी काही विचारत नाही. तिच्या सासूबाई तर कौतुकाने सांगायच्या, ‘नवऱ्याची सुटली ना, नवस फेडतेय.’

हात थरथरू लागले तेव्हा तिनेच मला सांगितलं, मेथी निवडता निवडता. ‘प्रसाद सगळा मीच संपवते गं.’

‘मग चल इंदूरला.’

‘लोक काय म्हणतील?’

‘भाऊजींना काय म्हणाले?’

‘ते पुरुष आहेत, येडे!’

तरी आली. भाऊजीही आले. डॉक्टरांनी त्यांच्याकडेच बघून विचारलं, ‘क्यों भाईसाहब, फिर शुरू कर दी?’ ताईने पदर सावरला. ‘इनकी तो छूट गई, डॉक्टर साहब. पीती मैं हूँ.’ तेव्हा कुठे डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं.

सोपं नव्हतं. एकदा घसरली, पुन्हा उभी राहिली. पुढे रविवारी दुपारी तिच्याकडे बायका विणकाम शिकायला येऊ लागल्या. विणकाम ताईला धड येत नव्हतं. दार लोटून घेतलं की ती आधी विचारायची, ‘झोप लागते का?’ बहुतेकींना तेवढ्यानेच रडू फुटे.

परवा रविवारी मी तिचं कपाट आवरत होते. दारात कुणाची तरी अनोळखी सून उभी, हातात लोकरीचा गुंडा. ‘आंटीजी हैं?’ मी सांगितलं. ती माघारी वळली.

‘रुको,’ मी म्हटलं. तिला ताईच्या खुर्चीसमोर बसवलं, दार लोटलं.

‘नींद आती है, बेटा?’